अमेरिकेतला गावप्रवास : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहण्यासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. या खेपेला मात्र बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. न्यूयॉर्क, नायगारा आणि लास व्हेगास पाहून झाल्यावर पुढे काय पाहावे, आणि सहल कंपन्यांच्या यादीत नसलेली अमेरिका कुठे भेटते, असे अनेकांनी विचारले आहे. म्हणून या अंकात केवळ याच विषयावरची पत्रे घेतली आहेत. उत्तरांमागची माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. पंधरा दिवसांत पूर्व आणि पश्चिम असे दोन्ही किनारे उरकण्यापेक्षा मुले राहतात तिथून जवळचा एखादा प्रदेश निवडावा, तिथे निदान दोन रात्री मुक्काम करावा आणि तिथली माणसे काय पिकवतात, काय खातात व कशासाठी एकत्र जमतात ते निवांतपणे पाहावे.

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीत एडिसन येथे राहते. मागच्या वेळी न्यूयॉर्क, नायगारा आणि वॉशिंग्टन पाहून झाले. आम्ही दोघेही सत्तरीच्या आसपास असल्यामुळे लांबचा प्रवास झेपत नाही. तिथली साधी माणसे कशी राहतात ते पाहण्याची इच्छा आहे. कुठे जावे? (निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी)

आपल्यासाठी पहिले नाव सुचते ते लँकेस्टर काउंटीचे. पेन्सिल्व्हेनिया राज्यातला हा शेतीप्रधान भाग एडिसनहून मोटारीने साधारण अडीच तासांवर आहे, आणि गाडी चालवायला कोणी मोकळे नसेल तर न्यूयॉर्क ते हॅरिसबर्ग धावणाऱ्या कीस्टोन रेल्वेगाडीनेही लँकेस्टर शहरात उतरता येते. येथे आमिश समाज राहतो. स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या परिसरात धर्ममतांमुळे छळ सोसलेल्या पंथाचे हे लोक अठराव्या शतकात येथे आले आणि त्यांचे वंशज आजही घरात जर्मनची एक जुनी बोली बोलतात, घोड्याच्या करड्या रंगाच्या बग्गीतून ये-जा करतात आणि शेतात ट्रॅक्टरऐवजी खेचरे जुंपतात.

हे लोक यंत्रांना घाबरतात किंवा त्यांना यंत्रे कळत नाहीत, असा समज घेऊन मात्र तिथे जाऊ नये. एखादे नवे साधन स्वीकारल्याने कुटुंबाची आणि शेजाऱ्यांची एकमेकांना असलेली गरज कमी होईल का, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असतो आणि त्याचा निर्णय प्रत्येक ठिकाणची मंडळी आपापसांत करते. त्यामुळे तारेवाटे येणारी वीज त्यांनी घरात घेतलेली नाही, पण त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यातली यंत्रे हवेच्या दाबावर चालताना दिसतात. स्वतःची मोटार कोणी बाळगत नाही, परंतु गरज पडल्यास दुसऱ्याच्या मोटारीतून जाण्यास हरकत नसते. आपण शिक्षिका होता, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. आमिश मुले एका खोलीच्या शाळेत फक्त आठवीपर्यंत शिकतात, आणि सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याशी त्यांचा संघर्ष थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९७२ साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. तो निर्णय पटो वा न पटो, शेताच्या कडेने चालत घरी निघालेली ती मुले पाहिल्यावर आपल्या मनात अनेक प्रश्न उभे राहतील याची मला खात्री आहे.

शहरातला सेंट्रल मार्केट हा मंडईचा बाजार मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार या दिवशी भरतो. त्याची विटांची सध्याची इमारत १८८९ सालची आहे. भाजी, लोणची, पाव आणि काकवीसारख्या दाट मळीचे सारण भरलेला शूफ्लाय पाय हा तिथला खास पदार्थ अवश्य घ्यावा. रविवारी आमिश लोकांचे सारे व्यवहार बंद असतात, म्हणून त्या दिवशी जाऊन उपयोग नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांचे चेहरे दिसतील अशी छायाचित्रे काढू नयेत. ते त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. शेताच्या फाटकाशी मांडलेल्या टपरीवरून अंडी, मध किंवा गोधडी विकत घेताना दोन शब्द बोलणे हाच तिथल्या माणसांशी ओळख करून घेण्याचा सभ्य मार्ग आहे.

जून-जुलैत तिथे असाल तर घराजवळचे आणखी एक ठिकाण आहे. न्यू जर्सीच्या दक्षिण भागात पाइन बॅरेन्स नावाचे विस्तीर्ण, रेताड मातीचे सूचिपर्णी रान आहे. अमेरिकेत आज सगळीकडे दिसणारी ब्लूबेरी पूर्वी रानातूनच गोळा केली जात असे. या भागातल्या व्हाइट्सबॉग येथे एलिझाबेथ व्हाइट यांनी सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्यासोबत उत्तम रानझुडपे निवडून त्यांची लागवड केली आणि १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. ते जुने गाव आजही जपून ठेवलेले आहे.

प्रश्न : कामानिमित्त ओहायो, इंडियाना आणि इलिनॉय या राज्यांतून मोटारीने बरेच फिरलो. प्रत्येक ठिकाणी तीच उपाहारगृहे, तेच पेट्रोल पंप आणि तीच दुकाने दिसली. अमेरिकेत प्रदेशागणिक वेगळे असे काही उरले आहे का? (लघुउद्योजक, शिवाजी उद्यमनगर)

आपण पाहिलेत ते खरे आहे, आणि त्याला कारणही आहे. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि पुढच्या काही दशकांत देशभर असे रस्ते झाले की ज्यांवर चौक नाहीत, सिग्नल नाहीत आणि गावेही नाहीत. गावे बाजूला पडली. महामार्गावरून उतरण्याच्या फाट्यांवर घाईतल्या प्रवाशासाठी साखळी-दुकाने उभी राहिली. अनोळखी ठिकाणी प्रवाशाला ओळखीचेच काही हवे असते, या हिशेबावर त्यांचा व्यवसाय चालतो.

ॲरिझोना राज्यातल्या सेलिगमन या गावाची हकिकत यासाठी सांगण्यासारखी आहे. शिकागो ते लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकापर्यंत जाणारा, १९२६ साली जाहीर झालेला सुमारे ३,९०० किलोमीटरचा रूट ६६ हा रस्ता या गावातून जात असे. सप्टेंबर १९७८ मध्ये नवा महामार्ग गावाला वळसा घालून खुला झाला आणि गावातली वर्दळ त्याच दिवशी थांबली. पुढे १९८५ साली रूट ६६ हा क्रमांकच सरकारी यादीतून काढून टाकण्यात आला. पण सेलिगमनमधील एंजल डेल्गाडिलो या केशकर्तनकाराने गप्प बसण्याचे नाकारले. त्याने आसपासच्या गावकऱ्यांना एकत्र करून १९८७ साली संघटना उभारली आणि आपल्या भागातला रस्ता ऐतिहासिक मार्ग म्हणून राज्याकडून मान्य करून घेतला. आज ॲरिझोनाच्या या भागात जुन्या रस्त्याचा सुमारे अडीचशे किलोमीटरचा सलग पट्टा शिल्लक आहे. इतर राज्यांतही लोकांनी तेच केले. सरकारी खात्याने सोडून दिलेला रस्ता गावकऱ्यांनी वाचवला, हे मला त्या रस्त्यावरच्या कोणत्याही रंगीत पाटीपेक्षा अधिक पाहण्यासारखे वाटते.

आपल्याला व्यवहारात उपयोगी पडेल अशी एक खूण सांगतो. आंतरराज्य महामार्गाच्या क्रमांकाची ढाल निळी-लाल असते. तशीच ढाल पूर्ण हिरवी दिसली, तर तो रस्ता गावाच्या जुन्या पेठेतून फिरून पुन्हा महामार्गाला मिळतो. ही हिरवी ढाल दिसली की हाताशी एक तास राखून खुशाल वळावे. काउंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या गावात बहुधा मधोमध न्यायालयाची दगडी इमारत, तिच्याभोवती दुकानांच्या जुन्या रांगा आणि सकाळी न्याहारीसाठी जमणारी स्थानिक माणसे भेटतात. अशा उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलाऐवजी काउंटरपाशी बसल्यास शेजारचा माणूस स्वतःहून बोलू लागतो. अमेरिकेच्या मध्य भागात अनोळखी माणसाशी बोलणे आगाऊपणाचे मानले जात नाही.

आणि आपण ज्या व्यवसायात आहात तो पाहता, इंडियानात जाऊन कोलंबस हे गाव पाहिले नसेल तर पुढच्या खेपेला अवश्य पाहावे. सुमारे पन्नास हजार वस्तीचे हे गाव डिझेल इंजिने बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचे मूळ गाव आहे. कंपनीचे प्रमुख जे. आयर्विन मिलर यांची अशी धारणा होती की चांगली माणसे गावात टिकायची असतील तर शाळा, वाचनालये आणि अग्निशमन केंद्रेही चांगली असली पाहिजेत. १९५० च्या दशकापासून कंपनीच्या प्रतिष्ठानाने सार्वजनिक इमारतींच्या वास्तुरचनाकारांचे शुल्क स्वतः भरण्याचे मान्य केले; अट एवढीच होती की रचनाकार प्रतिष्ठानाने सुचवलेल्या नामवंतांच्या यादीतला असावा. त्यामुळे या लहानशा गावात एरो सारिनेन यांनी बांधलेले चर्च आहे, आय. एम. पेई यांनी रचलेले वाचनालय आहे आणि त्या वाचनालयासमोर हेन्री मूर यांचे भव्य कमानशिल्प उभे आहे. कारखानदाराने आपल्या गावासाठी काय करावे याचे इतके ठोस उदाहरण मला दुसरीकडे आढळलेले नाही, आणि उद्यमनगरातल्या प्रत्येकाने ते एकदा तरी पाहावे असे मनापासून वाटते.

प्रश्न : माझा मुलगा बोस्टनला नोकरीला आहे. मी आणि पत्नी फेब्रुवारीच्या अखेरीस जाऊन एप्रिलपर्यंत राहणार आहोत. आमचे गुऱ्हाळ आहे. त्या दिवसांत तिथे सगळे गारठलेले असते असे मुलगा म्हणतो. शेतकऱ्याने पाहावे असे काही असते का? (गूळ उत्पादक, करवीर तालुका)

आपण नेमके योग्य वेळी जात आहात. बोस्टनच्या वायव्येला दोन-तीन तासांवर व्हरमाँट राज्य सुरू होते आणि फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तिथे मेपल वृक्षाच्या रसापासून पाक बनवण्याचा हंगाम असतो. अमेरिकेत तयार होणाऱ्या मेपल पाकापैकी जवळपास निम्मा एकट्या या छोट्या राज्यातून येतो.

त्यांच्या शुगरहाउसमध्ये पाऊल टाकताच आपल्याला आपल्या गुऱ्हाळात आल्यासारखे वाटेल : रुंद, उथळ काहील, खाली धडधडणारा जाळ, वर छपराच्या उघड्या झरोक्यातून बाहेर पडणारी वाफ आणि पाकाच्या धारेकडे डोळे लावून उभा असलेला जाणता माणूस. फरक आहे तो रसात. उसाच्या रसात साखरेचे प्रमाण भरपूर असते, तर मेपलच्या रसात ते साधारण दोन टक्केच असते, म्हणून चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक हाती येतो. हा रस काढण्यासाठी झाड तोडत नाहीत. खोडाला एक बारीक भोक पाडून त्यात तोटी बसवतात, आणि रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी व दिवसा थोडी ऊब, असे हवामान असले म्हणजेच रस वाहतो. थंडी सलग राहिली तरी रस थांबतो आणि सलग उबारा झाला तरी हंगाम संपतो. झाड तोटी लावण्याजोगे जाड व्हायला तीस-चाळीस वर्षे लागतात. त्यामुळे आजोबांनी राखलेल्या झाडांचा रस नातू काढतो. युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले आबेनाकी आणि इतर मूळ रहिवासी मेपलच्या रसापासून साखर बनवत होते.

बादल्या टांगलेली झाडे आता थोडी उरली आहेत. बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या नळ्यांचे जाळे उतारावरून थेट आटवणीच्या शेडपर्यंत आलेले असते, आणि मोठे उत्पादक रस काहिलीत घेण्याआधीच जलशुद्धीकरणाच्या तंत्राने त्यातले बरेचसे पाणी काढून टाकतात, त्यामुळे जळणाची मोठी बचत होते. हे यंत्र आपण बारकाईने पाहावे आणि मालकाला मोकळेपणाने विचारावे. स्वतः गुऱ्हाळ चालवणारा माणूस भेटला आहे हे कळल्यावर तो आपल्याला लवकर सोडणार नाही. मार्चच्या अखेरीस राज्यातली अनेक शुगरहाउसे पाहुण्यांसाठी खुली असतात. गरम पाक बर्फावर ओतून त्याच्या चिवट पट्ट्या खायला देतात आणि सोबत आंबट लोणच्याची काकडी देतात. गोडाने तोंड मिटले की आंबट खाऊन पुन्हा गोड, असा त्यांचा जुना रिवाज आहे. पाकाच्या रंगावरून चार प्रती ठरतात. फिकट सोनेरी पाकाचा स्वाद हलका असतो आणि गडद पाकाचा उग्र; आपल्या जिभेला गडद आवडेल असा माझा अंदाज आहे.

आणखी एक सुचवतो. मार्चच्या पहिल्या मंगळवारी व्हरमाँटमधल्या पुष्कळ गावांत वार्षिक ग्रामसभा भरते. गावकरी शाळेच्या किंवा गावाच्या सभागृहात बसून रस्त्यांचा खर्च, बर्फ हटवण्याच्या यंत्राची खरेदी असे विषय एकेक करून चर्चेला घेतात आणि मतदान करतात. मुलाला आधी गावच्या कार्यालयात चौकशी करायला सांगावे. पाहुण्यांना मागे बसून ऐकण्यास सहसा परवानगी मिळते. या काळात बर्फ वितळून राज्यातल्या कच्च्या रस्त्यांवर गुडघाभर चिखल होतो, म्हणून मुक्काम डांबरी रस्त्यालगतच्या गावात ठेवावा आणि उंच बूट न्यावेत.

प्रश्न : परवान्याचे काय करावे? भारतीय परवाना चालतो का? (दोन वाचक, इचलकरंजी आणि गडहिंग्लज)

प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. अनेक राज्ये पर्यटकाला काही काळ भारतीय परवान्यावर गाडी चालवू देतात, काही राज्ये त्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना मागतात आणि गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे नियम आणखी निराळे असतात. निघण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेणे सोयीचे ठरते. पासपोर्ट आणि व्हिसा झाल्यावर तो मिळतो. लाल दिवे लुकलुकत थांबलेल्या शाळेच्या बसला ओलांडून जाणे हा तिथे गंभीर गुन्हा आहे, एवढे पक्के ध्यानात ठेवावे. आणि ज्येष्ठांनी वैद्यकीय विमा काढल्याशिवाय विमानात बसू नये.

प्रश्न : मी तालमीत मुलांना शिकवतो. भाचा आयोवा राज्यात शिकतो आहे आणि मला बोलावतो आहे. तिथे नुसती मक्याची शेती आहे असे लोक सांगतात. जाण्यात अर्थ आहे का? (वस्ताद, शिवाजी पेठ)

वस्ताद, अमेरिकेत आपल्यासाठी याहून योग्य राज्य दुसरे नसेल. मका आहेच, पण आयोवात कुस्तीला जो मान आहे तो त्या देशात फार थोड्या ठिकाणी दिसतो. जगज्जेता फ्रँक गॉच याच राज्यातल्या हम्बोल्ट गावचा; त्याने १९०८ साली जॉर्ज हॅकेनश्मिट या गाजलेल्या मल्लाला हरवले होते. वॉटर्लू गावचा डॅन गेबल १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न गमावता सुवर्णपदक जिंकून आला आणि पुढे १९७६ ते १९९७ या काळात आयोवा विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून त्याने संघाला १५ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. वॉटर्लूमध्ये त्याच्या नावाचे कुस्तीचे संग्रहालय आहे, तिथे अर्धा दिवस काढावा.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा असतो, म्हणून जायचे तर जानेवारी-फेब्रुवारीत जावे. थंडी कडाक्याची असते, पण विद्यापीठाच्या कार्व्हर-हॉकआय सभागृहात हजारो माणसे कुस्ती पाहायला जमतात. तिकिटे लवकर संपतात, तेव्हा भाच्याला आधीच सांगून ठेवावे. तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीचे नियम ऑलिंपिकच्या नियमांपेक्षा वेगळे आहेत. खाली घेतलेल्या मल्लावर ताबा किती वेळ टिकवला यालाही तिथे महत्त्व असते, त्यामुळे जमिनीवरचे डाव आणि सुटका यांचा सराव कसून होतो. आपल्या पठ्ठ्यांना मॅटवर उतरताना याच बाबतीत अडचण येते हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. मोठ्या लढतींइतकेच गावातल्या माध्यमिक शाळेचे सामनेही पाहावेत. शाळेच्या व्यायामशाळेत आजीआजोबा, शेतकरी आणि दुकानदार आपल्या मुलांच्या कुस्त्यांना जमलेले असतात, आणि राज्य किती कुस्तीवेडे आहे ते तिथेच खरे कळते. आयोवा विद्यापीठाने २०२३-२४ पासून मुलींचा संघही उतरवला आहे. आपल्याकडे मुली शिकत असतील तर त्यांच्यासाठी त्याची माहिती अवश्य आणावी.

भाचा आयोवा सिटीच्या आसपास असेल तर आमाना वसाहतीची सात गावे जवळच आहेत. जर्मनीतून आलेल्या एका धर्मपंथाने ती १८५५ पासून वसवली, आणि १९३२ पर्यंत तिथे जमीन, कारखाने आणि स्वयंपाकघरेसुद्धा सामाईक होती.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. मुलगी डेन्व्हरला असते. स्थानिक पदार्थ चाखल्याशिवाय प्रदेश कळत नाही हे मान्य, पण आम्हाला ते कसे जमावे? (एक दांपत्य, शाहूपुरी)

डेन्व्हरहून दक्षिणेला मोटारीने सहा-सात तासांवर न्यू मेक्सिको राज्यातले सांता फे आहे, तिथे जावे. मिरची हे त्या राज्याच्या जेवणाचे मूळ आहे. ताटावर तांबड्या मिरचीचा रस्सा हवा की हिरव्या मिरचीचा, हा तिथल्या उपाहारगृहातला प्रश्न राज्याच्या विधिमंडळाने १९९६ साली अधिकृत ‘राज्यप्रश्न’ म्हणून मान्य केला आहे. दोन्ही हवे असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणावे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुकानांबाहेर जाळीच्या पिंपांत हिरव्या मिरच्या भाजत असतात आणि रस्ताभर खमंग वास पसरलेला असतो. मक्याच्या भाकरीसारख्या तोर्तिया, घेवड्याची उसळ, भोपळा आणि पुरीसारखी टम्म फुगणारी, मध घालून खायची सोपापिया असे पुष्कळ पदार्थ आपल्याला चालतील. मात्र उसळ डुकराच्या चरबीत केली आहे का आणि मिरचीच्या रश्शात मांसाचे पाणी आहे का, हे दोन प्रश्न प्रत्येक ठिकाणी स्पष्ट विचारावेत. ‘शाकाहारी’ एवढेच सांगणे पुरेसे होत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत तर पालेभाजीतही मांसाचा तुकडा घालण्याची पद्धत आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी घरोघरी होणारा राजमा-भात नावाने आपल्याला आपलासा वाटेल, पण त्यात सहसा सॉसेज असते.

सांता फे हे १६१० च्या सुमारास स्पॅनिश लोकांनी वसवलेले, मातीच्या रंगाच्या बैठ्या घरांचे शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच आहे, तेव्हा पहिल्या दिवशी दगदग करू नये. चौकातल्या जुन्या गव्हर्नर निवासाच्या ओसरीत मूळ रहिवासी समाजांचे कारागीर स्वतः घडवलेले दागिने आणि मातीची भांडी घेऊन बसतात. तिथे बसण्याची परवानगी त्यांनाच असते, म्हणून खरेदी तिथेच करावी. उत्तरेला ताओस पुएब्लो ही मातीची बहुमजली वस्ती शेकडो वर्षे नांदती आहे आणि १९९२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे लोक राहतात, ते संग्रहालय नव्हे. धार्मिक विधींसाठी हिवाळ्याच्या अखेरीस काही आठवडे ती पाहुण्यांना बंद असते, सणाच्या दिवशी छायाचित्रे काढता येत नाहीत आणि कोणाचे छायाचित्र काढायचे तर आधी त्याला विचारावे लागते.

प्रश्न : सूनबाई आणि मुलगा सॅक्रामेंटोत राहतात. सॅन फ्रान्सिस्को आणि योसेमिटी पाहिले. दिवसभरात जाऊन येता येईल असे काही सुचवावे. इतिहासाची आवड आहे. (बँकेतून निवृत्त, ताराबाई पार्क)

आपण एक दिवस दक्षिणेला आणि एक दिवस उत्तरेला द्यावा. दक्षिणेला नदीच्या बांधावरून अर्ध्या-पाऊण तासात लॉक नावाचे एका गल्लीचे लाकडी गाव लागते. या त्रिभुज प्रदेशातले बांध एकोणिसाव्या शतकात मुख्यतः चिनी मजुरांनी घातले आणि दलदलीची सुपीक शेते झाली. १९१५ साली शेजारच्या वॉलनट ग्रोव्हमधली त्यांची वस्ती जळाल्यावर त्यांनी लॉक हे गाव स्वतः बांधले. पण १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यांना जमीन विकत घेण्याची बंदी होती, म्हणून घरे त्यांची आणि खालची जमीन दुसऱ्याची अशी स्थिती अनेक दशके राहिली. चिनी शाळा आणि जुगाराचा जुना अड्डा आता संग्रहालये म्हणून पाहता येतात. 

तसेच पुढे गेल्यावर स्टॉक्टन येथे १९१२ साली स्थापन झालेला गुरुद्वारा आहे, आणि हे स्थान प्रत्येक भारतीयाने पाहावे असे मला वाटते. कॅलिफोर्नियातल्या शेतांवर राबणारे पंजाबी शेतकरी आणि गदर चळवळीतले क्रांतिकारक येथे जमत. याच गदर चळवळीत विष्णू गणेश पिंगळे आणि पांडुरंग खानखोजे हे मराठी तरुण होते. पिंगळे यांना १९१५ साली लाहोरमध्ये फाशी झाली.

उत्तरेला साधारण तासाभराच्या अंतरावर युबा सिटी आहे. पीच, अक्रोड आणि भाताच्या या मुलखात शंभर वर्षांहून अधिक काळ पंजाबी शेतकरी राहतात. त्या काळच्या कायद्यांमुळे त्यांना भारतातून बायका आणता येत नसत, म्हणून अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले आणि दोन्ही भाषा, दोन्ही धर्म एका घरात नांदू लागले. १९२३ च्या न्यायालयीन निकालाने भारतीयांना नागरिकत्व नाकारले गेले, ते १९४६ च्या कायद्याने पुन्हा खुले झाले. आणि अवघ्या दहा वर्षांनी, १९५६ साली, दक्षिण कॅलिफोर्नियात शेती करणारे दलीपसिंग सौंद अमेरिकन प्रतिनिधिगृहात निवडून गेले. आशियातून आलेला माणूस तिथे निवडून जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

नोव्हेंबरमध्ये तिथे असाल तर महिन्याच्या पहिल्या रविवारच्या सुमारास युबा सिटीत निघणारे नगरकीर्तन चुकवू नये. १९८० पासून ते भरते, देशभरातून शीख कुटुंबे येतात आणि रस्त्याच्या दुतर्फा सर्वांना मोफत जेवण वाढले जाते. त्यात गावातले गोरे आणि मेक्सिकन शेजारीही पंगतीला असतात. त्या दिवशी गावातले रस्ते बंद असल्याने सकाळी लवकर पोहोचावे, गाडी लांब लावावी, डोके झाकण्यासाठी रुमाल जवळ ठेवावा आणि तारीख आधी गुरुद्वाऱ्यात दूरध्वनी करून पक्की करून घ्यावी.